बे बाई ‘येते’ म्हणाल्या

माझ्या मावशीसमोर घरातून निघताना ‘जाते’ म्हणायची सोय नाही. भाजी आणायला निघा, परीक्षेला निघा, नाहीतर बॅगा भरून परदेशी निघा, दारात उभं राहून ‘येते’ म्हणायचंच. एकदा नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर ‘जातो बाई’ म्हणून अर्धा जिना उतरला, तर तिनं त्याला परत वर बोलावलं. त्याला वाटलं, नळ पुन्हा गळायला लागला.

“जातो काय म्हणता? येतो म्हणा.”

“येतो,” तो बिचारा पिशवी सावरत म्हणाला.

आतून मावशीच्या यजमानांचा, म्हणजे आमच्या काकांचा आवाज आला, “अगं, प्लंबरला कशाला येतो म्हणायला लावतेस? आता चार दिवसांत नळ बिघडणार बघ!”

मावशी माझ्या आईची मोठी बहीण. जन्मभर तिनं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं. सात आठे किती, हे विचारल्याशिवाय एकही मूल वरच्या वर्गात सोडलं नाही, म्हणून पोरांनी तिचं नाव ‘छप्पन बाई’ ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. आजही रस्त्यात एखादा मिशीवाला माणूस वाकून नमस्कार करायला लागला की आशीर्वादाच्या आधी ती विचारते, “सात आठे?” आणि तो मिशीवाला बायकोसमोर लाजत सांगतो, “छप्पन, बाई.”

ती निवृत्त झाली त्याच वर्षी मी घोटा मोडून घेतला. मी परदेशात लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात काम करते आणि पडले मात्र जिन्यावरून. मावशीनं हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं, एकेकाला, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. मग सहा महिन्यांचा व्हिसा काढून ती माझ्याकडे राहायला आली. काकांनी परवानगी दिली, म्हणजे विमानतळावर तिची बॅग ढकलली आणि म्हणाले, “लवकर ये. मला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत.”

माझं प्लास्टर निघालं तसं मावशीचं काम संपलं. तिनं माझी कपाटं लावली. मग पुन्हा लावली. मला माझे मोजे सापडेनासे झाले. सकाळी मी कारखान्यात गेले की ती खिडकीत बसायची. आमच्या गल्लीच्या टोकाला पिवळ्या रंगाची एक दुमजली इमारत होती. तिच्या अंगणात पोरं खेळायची, भांडायची, आणि संध्याकाळ झाली तरी त्यांना न्यायला कुणी यायचं नाही. तिनं मला विचारलं, “ही कसली शाळा गं, जिथं घरी जायची घंटाच होत नाही?”

मी सांगितलं, ते बालगृह आहे. आईबाप नसलेली, किंवा असून सांभाळू न शकणारी मुलं तिथं राहतात.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर दाराला कुलूप. मावशी बालगृहाच्या फाटकाबाहेर उभी होती आणि फाटकाच्या आतून एक उंच, करड्या केसांच्या बाई तिच्याशी बोलत होत्या. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नव्हतं. बोटांवर मात्र हिशेब चालला होता. त्या बाई तिथल्या प्रमुख. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, म्हणून मावशीनं त्यांचं नाव ‘किल्लीवाल्या बाई’ ठेवलं. त्यांच्याकडचे गणिताचे शिक्षक नोकरी सोडून गेले होते. चौकशा झाल्या, कागदपत्रं झाली, आणि मावशी तिथली बिनपगारी शिक्षिका झाली. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं. ते ती घरी पोळ्या लाटतानाही काढत नसे.

मी एकदा तिच्याबरोबर आत जाऊन आले. दारातून शिरल्याबरोबर एक लांबट बोळ. भिंतीवर कोट अडकवायच्या खुंट्या, लहान मुलांच्या खाली, मोठ्यांच्या वर. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक खुंटीवर एक चित्र चिकटवलेलं: छत्री, होडी, चमचा, किटली. मूल बालगृह सोडून गेलं की चित्र खरवडून काढायचं आणि नव्या मुलासाठी नवं लावायचं. त्यामुळे खुंट्यांच्या मागचा रंग ठिकठिकाणी उडालेला होता. वर्ग म्हणजे जेवायचीच खोली. लांब टेबलं ओल्या फडक्यानं पुसली की वर्ग भरला.

तिथली भाषा मावशीला फारशी येत नव्हती. पण आकडे तिनं आठवड्यात पाठ केले आणि लगेच नाक मुरडलं. “दोन गुणिले तीन बरोबर सहा! एवढं म्हणेपर्यंत शाळा सुटेल. पाढा कसा तोंडात नाचला पाहिजे.” तिनं सरळ मराठीत सुरू केलं. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. पोरांना अर्थाशी देणंघेणं नव्हतं, चाल आवडली. शेजारच्या स्वयंपाकघरातली आचारीणबाई पळीनं पातेल्यावर ठेका धरायला लागली. पंधरवड्यात गल्लीच्या टोकाला ‘बे चोक आठ’ असा गजर ऐकू यायला लागला. मावशीचं नवं नाव पडलं ‘बे बाई’.

“छप्पनावरून दोनावर आले,” ती म्हणाली. “बढती की घसरण?”

पहिल्याच संध्याकाळी निघताना ती दारात थांबली आणि तिच्या डोक्यातलं ‘येते’ तिनं जसंच्या तसं त्या भाषेत म्हटलं. त्या भाषेत नुसता निरोप म्हणून असं कुणी म्हणत नाही. पोरं आधी बघत राहिली, मग हसत सुटली. जातात आणि म्हणतात, येते! तुमच्या भाषेत काय म्हणता ते सांगा, असा घोषा लागला. तिनं सांगितलं. झालं! हात धुवायला जायचं तरी येते, चेंडू आणायला जायचं तरी येते. त्यातही बाईंचं लक्ष होतंच. “तू मुलगा ना रे? येतो म्हण. येते ती म्हणेल.”

ती, म्हणजे किटलीच्या खुंटीवाली. नऊएक वर्षांची पोर, पुढचे दोन दात चेहऱ्याच्या मानाने मोठे, आणि खोलीत हीटर चालू असला तरी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. ती पहिले काही दिवस दाराजवळ बसून नुसती ऐकायची. मग एकदम तोंड उघडलं ते प्रश्न विचारायला. शून्याचा पाढा का शिकवत नाही? पाढा दहालाच का थांबतो, पुढचे आकडे संपतात का? मावशी रोज घरी येऊन मला सांगायची, “आज वकीलबाईंनी मला पुन्हा पिंजऱ्यात उभं केलं.” सांगताना चेहरा असा, की जणू बक्षीस मिळालंय.

वकीलबाई सगळे पाढे झरझर म्हणायची, पण साताच्या पाढ्यात आठव्या घरी अडकायची. मावशीला त्याचा फार आनंद.

किल्लीवाल्या बाईंना मात्र ते ‘येते’ खुपत होतं. एक दिवस त्यांनी मला कारखान्यातून येताना थांबवलं आणि आत बोलावलं. मावशी होतीच.

“तुमच्या मावशींना सांगा, या घरात आम्ही मोठी माणसं एक गोष्ट म्हणत नाही. येते, किंवा येतो. आजचा वर्ग संपला म्हणावं, शुभ रात्री म्हणावं. या फाटकापाशी ज्यांनी ज्यांनी मूल सोडलं, त्यांनी हेच म्हटलं होतं.”

मी सांगितलं. मावशीला झोंबलं.

“पण मी रोज येतेच की!”

“सध्या येता,” किल्लीवाल्या बाई म्हणाल्या.

मावशीनं प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी ती पुटपुटत घरी आली. “वर्ग संपला, असं म्हटलं. जिभेला काटा टोचल्यासारखं झालं. पोरं म्हणाली, बे बाई चिडल्यात का? मग म्हटलं येते. काय करू? जाते तर माझ्या तोंडातून निघायचं नाही.”

आणि मग बसचालक आला.

तो आणि त्याची बायको. दोघं पन्नाशीकडे झुकलेली, मूलबाळ नसलेली, फार न बोलणारी. वकीलबाईला भेटायला ते बरेच रविवार येत होते. ती त्यालाही प्रश्न विचारायची, बस उलटी कशी वळवतात वगैरे, आणि तो काड्या मांडून उत्तर द्यायचा. दोघांना ती घरी हवी होती. पद्धत अशी की आधी शनिवार-रविवार घरी न्यायचं, मग जास्त दिवस, आणि जमलं तर कायमचं. पहिल्या शनिवारी ती कोट घालून फाटकापर्यंत गेली, परत फिरली, आणि कोट किटलीच्या खुंटीवर अडकवला.

“बे बाई येते म्हणाल्यात. मी नसले तर?”

सुट्टीच्या दिवशी वर्ग नसतो, असं तिला समजावलं. वकीलबाईंचं उत्तर तयार होतं: “त्या रोज येते म्हणतात. शनिवार सोडून येते, असं कधी म्हणाल्या नाहीत.”

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. बसचालक फाटकाबाहेर हातात एक छोटी उशी घेऊन उभा होता. गाडीत पोरीला डोकं टेकायला आणलेली. ती त्यानं तशीच परत नेली.

सोमवारी किल्लीवाल्या बाईंनी आम्हाला दोघींना समोर बसवलं. रागावल्या नाहीत. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. “आणखी एकदा विचारता येईल. तिसऱ्यांदाही नाही म्हणाली तर कार्यालय म्हणेल की मुलीची तयारी नाही, आणि त्या दोघांना दुसरं मूल सुचवलं जाईल. तुमच्या मावशी तर महिन्याअखेर परत जाणार. मग ही पोर कुणाची वाट बघणार आहे?”

मी भाषांतर करत होते, पण शेवटचं वाक्य मावशीला माझ्याआधीच कळलं होतं.

घरी आल्यावर तिनं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. चहा केला, पण प्यायली नाही.

“मी मामाकडे वाढले, माहीत आहे ना तुला?”

“हो. तुला तिकडे शिकायला पाठवलं होतं. आई सांगते.”

“तुझी आई म्हणते पाठवलं होतं, मी म्हणते ठेवलं होतं. दोन्ही खरंच.” ती कपाची कड पुसत राहिली. “मामा-मामींनी काही उणं केलं नाही हं. पण आई मला सोडून निघाली तेव्हा दारात म्हणाली, ‘येते हं.’ मी म्हटलं, ‘ये.’ आणि दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर बसले. मामेभावंडं नदीवर पोहायला निघाली की हाका मारायची. मी नाही गेले. आई आली आणि मी नसले तर? सगळी पोहायला शिकली. मला अजून येत नाही.”

“आणि आजी?”

“आली की! पुढच्या उन्हाळ्यात. तुझ्या आईला कडेवर घेऊन.” ती थोडं हसली. “तिनं खोटं नव्हतं सांगितलं. येते म्हणाली, आली. मधे जाणार आहे, हे तेवढं सांगायचं राहिलं.”

“मग तू आम्हा सगळ्यांना येते का म्हणायला लावतेस?”

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, की हिला इंजिनियर कुणी केलं. “अगं, येते म्हणाली म्हणून तर आली ना ती! जाते म्हणाली असती तर आलीच नसती. मला तेव्हा असंच वाटायचं. आता साठी आली, तरी वाटतंच.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मावशीला आपल्या मोडक्यातोडक्या भाषेवर भरवसा नव्हता. “मी मराठीत बोलते, तू तिला सांग. आणि गोड करून सांगू नकोस. आहे तसं.”

वर्ग सुटला. बाकीची पोरं अंगणात गेली. वकीलबाई बाकावर बसली, पाय लोंबकळत. किल्लीवाल्या बाई दाराशी उभ्या राहिल्या, किल्ल्या वाजू नयेत म्हणून मुठीत घट्ट धरून.

“मी महिन्याअखेर माझ्या घरी जाणार,” मावशी म्हणाली. “ते फार लांब आहे.”

“परत कधी येणार?”

“बहुतेक नाही येणार.”

पोरीनं माझ्याकडे पाहिलं, मी नीट सांगतेय ना, याची खात्री करायला.

“पण तुम्ही रोज येते म्हणता.”

“आमच्याकडे निघताना तसंच म्हणतात.”

“जाताना? येते?”

“हो.”

“सगळे?”

“सगळे.”

“मग तुमच्याकडे खरंच कोण येणार आहे, हे कसं कळतं?”

मी सांगितलं. मावशीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “नाही कळत,” ती म्हणाली. “वाट बघावी लागते.”

वकीलबाईनं लोंबकळणारे पाय थांबवले. मग म्हणाली, “जायचंच असेल तर तसा शब्द नाही का तुमच्या भाषेत?”

“आहे.”

“मग तो म्हणा.”

मावशी उठली. पर्स खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यापाशी वळून उभी राहिली. तिचा हात चौकटीवर होता. मी तिला वर्गासमोर, मुख्याध्यापकांसमोर, भांडखोर पालकांसमोर उभी राहिलेली पाहिलेली आहे. अशी कधी पाहिली नव्हती.

“जाते,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे जाते.” आणि मग एक श्वास घेऊन, मोडक्या भाषेत, माझ्याकडे न बघता: “शनिवार मी नाही. रविवार मी नाही. सोमवार मी आहे. तू जाऊन ये.”

जाकिटाची चेन आधीच गळ्यापर्यंत होती, ती पोरीनं आणखी ओढून पाहिली आणि आमच्या मधून निघून गेली.

घरी पोचल्याबरोबर मावशीनं मला काकांना फोन लावायला सांगितलं.

“बरे आहात ना?”

“मला काय धाड भरलीये? का, काय झालं?”

“काही नाही. असंच. छातीत वगैरे काही नाही ना? जिना उतरताना कठडा धरता ना?”

“अगं, काय झालंय काय? येणार आहेस ना तू? की तिथेच दारावर नाव लावलंस?”

“येते हो,” मावशी म्हणाली. “येते, येते.” तीनदा म्हणाली. मघाशी एकदा जाते म्हटलं होतं, त्याची भरपाई.

आठवड्याचे उरलेले दिवस वकीलबाई वर्गात आली, पण दाराजवळ बसली. पाढे म्हणेना. मावशीनंही टोकलं नाही. निघताना मावशी “जाते” म्हणायची. ती दाराकडे पाठ करायची.

शनिवारी आम्ही खिडकीत उभ्या होतो. दोघी चहाचे कप घेऊन, सहज उभं असल्यासारख्या. बसचालकाची गाडी आली. बराच वेळ काहीच झालं नाही. मावशी माझ्या खांद्याला चिमटा काढून उभी होती, तिचं तिला कळत नव्हतं. मग फाटक उघडलं. पोर बाहेर आली, गाडीभोवती एक चक्कर मारून चारही चाकं तपासली आणि मागच्या सीटवर बसली. काचेला उशी लागलेली दिसली.

सोमवारी ती पहिल्या बाकावर होती. मावशीनं विचारायच्या आधीच साक्ष दिली. “त्यांच्याकडे मांजर आहे. चावतं. घरात जिना आहे, कुरकुरतो. पण चालेल.”

मावशीच्या तिकिटाची तारीख यायच्या आधीच पोरीचं जायचं ठरलं. कार्यालयानं आधी जास्त दिवसांसाठी न्यायला परवानगी दिली होती, पण किल्लीवाल्या बाई म्हणाल्या, अशी निघालेली मुलं सहसा परत येत नाहीत. म्हणताना त्या पहिल्यांदाच ‘परत येत नाहीत’ हे आनंदानं म्हणत होत्या.

तो शनिवार होता, मलाही सुट्टी होती. सगळी पोरं फाटकाशी जमली होती. आचारीणबाई हात पुसत बाहेर आली. वकीलबाईनं किटलीचं चित्र कुणाला खरवडू दिलं नव्हतं. स्वतः नखानं कडेकडेनं सोडवून जाकिटावर चिकटवलं होतं. जाकिटाची चेन पोटापर्यंत उघडी होती. मावशीजवळ ती आली नाही. सरळ गाडीत बसली. मावशी पर्सचा पट्टा धरून उभी राहिली.

बसचालकानं आरशात बघितलं, मागे बघितलं, पुन्हा आरशात बघितलं, जसे काही पन्नास उतारू बसलेत. गाडी हलली. आणि काच खाली आली.

पोरीनं डोकं बाहेर काढलं. मावशीकडे बघून, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून, आमच्या भाषेत म्हणाली, “जाते.”

आणि मावशीच्या तोंडून, तिच्या सगळ्या आयुष्याच्या वेगानं, पूर्ण गल्लीला ऐकू जाईल असं निघालं, “अगं, जाते काय म्हणतेस! येते म्हण!”

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मावशीनं दोन्ही हात तोंडावर दाबले. तिचे डोळे तेवढे दिसत होते, वर्गात चोरी पकडलेल्या पोरासारखे. किल्लीवाल्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. पण जिला कळायचं होतं तिला भाषांतर लागलंच नाही. तिनं खिडकीवर दोन्ही कोपर टेकले, मोठ्या माणसासारखा उसासा टाकला आणि आपल्या भाषेत म्हणाली, “बे बाई, आधी काय ते ठरवा.”

मी हे किल्लीवाल्या बाईंना समजावून सांगेपर्यंत त्या हसायला लागल्या होत्या, किल्ल्या खुळखुळत होत्या. बसचालक काही न कळून हसत होता. गाडी पुढे निघाली. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि वळणापर्यंत बाहेरच राहिला.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मावशीनं तोंडावरचे हात खाली घेतले. “ये,” ती म्हणाली, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं. मग पदरानं चष्मा पुसला, फाटकाशी उरलेल्या पोरांकडे वळली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “सात आठे?”